वर न जाता केलेली सही

सुजाता,

तू गेल्यावर तीन वर्तमानपत्रांत तुझ्याबद्दल छापून आलं. एकात तू सुरक्षातज्ज्ञ होतीस, दुसऱ्यात वीज धोरणाची अभ्यासक आणि तिसऱ्यात जुन्या वास्तू जपणारी कार्यकर्ती. जलदानविधीच्या दिवशी बजाजनगरच्या घरी तुझ्या भावानं, विजयनं, तिन्ही कात्रणं माझ्यापुढं ठेवली आणि हळूच म्हणाला, "अनघाताई, लोकायला वाटंल एकाच दिवशी तीन बाया गेल्या." मला हसू फुटलं. मग त्यालाही फुटलं. समोर भन्तेजी बसलेले, मागं सगळे नातेवाईक, आणि आम्ही दोघं मान खाली घालून खांदे हलवतोय. बायकांना वाटलं रडतोय. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मात्र खरंच रडू आलं.

तुझं शिक्षण, तुझी पदं, तुला मिळालेले मानसन्मान हे सगळं त्या कात्रणांत आहे, ते मी इथं लिहीत नाही. खरं सांगायचं तर तुझ्या नोकरीला काय म्हणतात हे मला कधीच धड सांगता आलं नाही. माझी आई विचारायची, "ती सुजाता दिल्लीत करते तरी काय?" मी सांगायची, "सरकारनं काय करावं, ते कागदावर लिहून देते." आई विचारायची, "आणि सरकार करतं?" हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, मावशींना दिल्लीला पाठवून दे, आमच्या एवढ्या बैठका होतात पण हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आपली ओळख आठवीतली, आणि तीही भांडणातून झालेली. तुझे वडील पिशोरची शेती भावाकडं सोपवून वाळूजच्या कारखान्यात लागले होते, माझे कलेक्टर कचेरीत कारकून. खिडकीजवळच्या बाकावर माझं दप्तर होतं, ते तू उचलून पलीकडं ठेवलंस. मी म्हटलं, ही माझी जागा आहे. तू म्हणालीस, "नाव लिवलंय का?" मी दुसऱ्या दिवशी कर्कटकानं खरोखरच नाव कोरलं आणि बाईंच्या छड्या खाल्ल्या. तू माझ्या शेजारी बसून निर्विकार चेहऱ्यानं वही उघडलीस. तेव्हापासून तुझ्याशी वाद घालताना मी हरायचीच, फक्त प्रत्येक वेळी वेगळ्या कारणानं.

तुझ्या कामाची एक पद्धत मात्र मला पक्की ठाऊक होती. कुठलाही मसुदा वरिष्ठांकडं पाठवण्याआधी तू तो मोठ्यानं वाचून दाखवायचीस. कुणाला, तर ज्याला तो शेवटी अमलात आणावा लागणार त्या माणसाला. "संबंधित यंत्रणेने उचित कार्यवाही करावी" असलं वाक्य दिसलं की तुझं डोकं फिरायचं. यंत्रणेला नाव असतं, तिला भूक लागते, तिची सायकल पंक्चर होते, असं तुझं म्हणणं. सीमेवरच्या चौक्यांबद्दल तू पहिला मोठा अहवाल लिहिलास, तो तुमच्या ऑफिसच्या फाटकावर बसणाऱ्या निवृत्त जवानाला वाचून दाखवलास. त्यानं अदबीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, धुकं पडलं की काय करायचं? तुझ्या अख्ख्या अहवालात धुकं नव्हतं. तू तो परत लिहायला घेतलास.

पुढं तू विजेकडं वळलीस, आणि वादळात पडलेल्या तारा लवकर कशा उभ्या करायच्या याचा मसुदा घेऊन दिल्लीहून थेट चितेगावला आलीस. मी तेव्हा तिथल्या उपकेंद्रावर इंजिनिअर होते. आमचे लाइनमन कचरूअण्णा डबा खात होते. तू त्यांच्यासमोर खुर्ची ओढलीस आणि वाचायला लागलीस. अण्णांनी ऐकता ऐकता भाकरी संपवली. मग हात धुतले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "ह्ये समदं बेस हाय ताई. पन शिडी कुठंय? आमच्याकडं एकच शिडी हाय, आन् ती सायबाच्या घरी रंग द्यायला गेलीया." साहेब माझ्या शेजारीच उभे होते. मला कुठं तोंड लपवू असं झालं. तू मात्र पेन काढून गंभीरपणे लिहून घेतलंस, 'प्रत्येक पथकाकडे स्वतःची शिडी.' दिल्लीत तुझ्या वरिष्ठांनी ते कलम तीनदा खोडलं आणि तू तीनदा परत घातलंस. शेवटी ते राहिलं की गेलं, हे मी तुला विचारायचं राहूनच गेलं. शिडी मात्र दुसऱ्या दिवशी परत आली, पायऱ्यांवर पिस्ता रंगाचे ठिपके घेऊन.

दोन वर्षांपूर्वी तू दिल्लीचं सगळं आवरून आलीस. गेलीस औरंगाबादहून, आलीस संभाजीनगरला, स्टेशन तेच. मी घ्यायला आले होते. तू हमालाशी अस्सल दखनीत घासाघीस केलीस आणि माझ्याकडं वळून म्हणालीस, आता मला बरं वाटायला लागलं. लेणी, बारवा, मकबरे, वेशी यांचं रक्षण कसं करायचं यावर काम करायचं तू ठरवलं होतंस. मी म्हटलं, "सीमा झाली, वीज झाली, आता दगड?" तू म्हणालीस, "तेच काम आहे गं. जे एकदा गेलं की परत आणता येत नाही, त्याच्यापाशी कुणी उभं राहायचं, तेवढंच ठरवायचं असतं." एका जुन्या दरवाज्याला लागून असलेली अंधारी खोली तू ऑफिस म्हणून घेतलीस. त्या दरवाज्याचे पहारेकरी रहीमचाचा हे तुझे नवे परीक्षक. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "ये सब ठीक हय मॅडम, पन मेरेकू क्या करना सो बोलो." त्याचं उत्तर कागदात सापडलं नाही की तू तो कागद चाचांच्या देखत फाडायचीस. चाचांना त्याचं फार वाईट वाटायचं. मला म्हणायचे, "इत्ता अच्छा अक्षर था."

आता त्या डोंगराकडं येते. आतापर्यंत इकडचं तिकडचं लिहिलं ते त्याला टाळण्यासाठीच, हे तू ओळखलं असशील.

निवृत्तीनंतर मी सौर प्रकल्पांच्या जागांची पाहणी करून द्यायचं काम घेत होते. पिशोरच्या पुढच्या त्या पठारावर एका कंपनीला पॅनल लावायचे होते, भोवती तारेचं कुंपण आणि कॅमेरे घालायचे होते. पठाराच्या कडेला दोन खोल्यांचं एक लेणं आहे, तिथं कुणी पर्यटक जात नाही. म्हणजे तुझ्या तिन्ही नोकऱ्या एकाच डोंगरावर येऊन बसल्या होत्या, आणि त्या डोंगराचा अहवाल लिहिला होता मी. त्या अहवालात सात जागांपुढं एकच शेरा होता, 'खड्डा, भरून घेणे.'

ते खड्डे नव्हते. लेणं खोदणाऱ्यांनी कातळात कोरलेली पाण्याची टाकी होती ती. सहा गाळानं भरलेली, सातव्यात कपारीखाली भर उन्हाळ्यातही पाणी. वर जाणाऱ्या कुणालाही ते कळलं असतं. मी वर गेलेच नव्हते. वैशाखाचं ऊन, माझा गुडघा, आणि शेवटचा चढ अगदी छातीवरचा. मी खाली लिंबाच्या सावलीत बसले, ड्रोननं काढलेल्या नकाशावर सात काळे ठिपके पाहिले आणि सातही जागी तोच शेरा मारला. शेवटच्या पानावर छापलेलं होतं, 'जागेची प्रत्यक्ष पाहणी केली आहे.' त्याच्याखाली सही केली.

तू तो अहवाल वाचलास, डोंगर चढून आलीस आणि मला फोन केलास. नुसतं एवढंच विचारलंस, "अनघा, वर गेली होतीस?" मी म्हटलं, "म्हणजे काय?" तू म्हणालीस, "म्हणजे नव्हती गेली."

त्यानंतरचे तीन महिने आपण जे भांडलो, तसं खिडकीच्या बाकावरूनही भांडलो नव्हतो. सौर प्रकल्पाला तुझा विरोध नव्हता. "पलीकडच्या माळावर लाव की तुझ्या प्लेटा, तिथं काय कमी ऊन आहे?" पण हरकत तू एकटीनं घेतलीस तर ती एका बाईचं मत म्हणून फायलीला लागणार होती आणि माझा सही केलेला अहवाल वरचढ ठरणार होता. पिशोरच्या मंगल कार्यालयात प्रकल्पाची सरकारी सुनावणी होणार होती, तिथं मी स्वतः उभी राहून तो अहवाल मागं घेतला तरच ती टाकी वाचणार होती. तुला माझ्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, मी वर गेले नव्हते. मी म्हणत होते, पुरवणी पत्र देते, नवी माहिती मिळाली असं लिहिते, पण ते वाक्य बोलणार नाही. पस्तीस वर्षं मी वर चढणारी बाई म्हणून नाव कमावलं होतं. खांबावर चढायला नको म्हणणाऱ्या पोरांना माझं उदाहरण द्यायचे. ते सगळं त्या मंगल कार्यालयात उभं राहून पुसून टाकू?

आपली शेवटची भेट बजाजनगरच्या तुझ्या स्वयंपाकघरात झाली. तू धपाटे लाटत होतीस आणि बोलत होतीस. म्हणालीस, "आमच्या घरात सत्याग्रह करून मिळवलेल्या तळ्याच्या पाण्याची गोष्ट पाळण्यापासून ऐकवतात. माझे वडील असते तर मी त्यांना काय सांगितलं असतं, माझ्या मैत्रिणीनं पाणी बुजवायला सही केली म्हणून?" ते मला फार झोंबलं, कारण ते खरं होतं. मी म्हटलं, "तुझं काय जातंय बोलायला! सही माझी आहे." तू लाटणं खाली ठेवून म्हणालीस, "सही तुझी आहे म्हणूनच तर बोलते." मी उठले आणि दार आपटून निघाले. दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला, 'चार धपाटे तुझ्या वाट्याचे होते, मी खाल्ले.' मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, दोन दिवस फुगून बसू दे हिला. चौथ्या दिवशी सकाळी विजयचा फोन आला. चहा टाकून तू कट्ट्याला टेकलीस आणि तिथंच संपलं सगळं, असं त्यानं सांगितलं.

सुनावणीला अकरा दिवस होते. तू भांडण अर्धवट टाकून गेलीस याचा मला आधी संतापच आला. मी आता काहीच कबूल केलं नसतं, तर आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा ठरला असता, आणि तो मला नको होता.

मी दोन पानांचं निवेदन लिहिलं. 'तांत्रिक कारणास्तव काही नोंदींमध्ये त्रुटी राहून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही', अशी त्याची सुरुवात होती. तुझ्या पद्धतीप्रमाणे ते घेऊन दरवाज्यावर गेले. तुझ्या खोलीला कुलूप होतं. चाचा बाहेर स्टुलावर बसले होते, त्यांनी माझ्यासाठी आतून खुर्ची आणली आणि स्वतः स्टुलावर सरळ बसले, जसे तुझ्यासमोर बसायचे. मी वाचलं. त्यांनी दाढी खाजवली. म्हणाले, "बहोत भारी लिखे बाई. पन गलती किने करे, वो नाम किदर हय?"

मी म्हटलं, "तेच तर लिहिलंय."

"नक्को," चाचा म्हणाले. "इसमें तो गलती अपने आप होगई सरीका लग रहा."

मी ती दोन पानं तिथंच फाडली. या वेळी चाचांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. माझं अक्षर तुझ्याएवढं चांगलं नाही.

पिशोरचं ते मंगल कार्यालय तू पाहायला हवं होतंस. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं, त्यामुळं अधिकारी बसले होते ते 'शुभविवाह' लिहिलेल्या झालरीखाली, आणि कंपनीचे साहेब नवरदेवाच्या खुर्चीत. हरकत घेणाऱ्यांना बोलावलं तसं तुझं नाव पुकारलं गेलं. विजय उठला आणि म्हणाला, "ताई वारली. तिच्या जागी या बोलतील." माझ्या हातात कागद नव्हता. मी माईक घेतला, तो शिट्टी वाजवायला लागला, कुणीतरी तो काढून घेतला आणि मग मी तशीच मोठ्यानं बोलले. "हा अहवाल माझा आहे. सही माझी आहे. मी वर गेले नव्हते. खाली सावलीत बसून लिहिलं. ते खड्डे नाहीत, पाण्याची टाकी आहेत. चूक माझी आहे आणि मी हा अहवाल मागं घेते."

मला वाटलं होतं जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे असंच लिहून घेऊ का?" मी म्हटलं, असंच. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवरची, कमलबाई म्हणून. पदर सावरून म्हणाली, "ह्या बाई खरं बोलत्यात सायेब. त्या वर नव्हत्या गेल्या. लिंबाखाली बसल्या व्हत्या. मीच त्यायला पानी दिलं."

सगळा हॉल हसला. मीही हसले, कान लाल करून. अधिकाऱ्यांनी सहज विचारलं, "पाणी कुठलं? वस्तीवर नळ आहे का?"

"नळ कुठला! त्याच टाक्यातलं. आमी समदे तेच पितो."

कंपनीच्या साहेबांनी नकाशा पुढं ओढला. पुढचं तुला आवडलं असतं, कारण त्यात यंत्रणा नव्हती, माणसं होती. त्या पठारावरचं काम थांबवून नव्यानं मोजणी करायची, ती कमलबाईंना बरोबर घेऊन करायची, आणि पॅनल पलीकडच्या माळावर बसतात का ते पाहायचं, असा शेरा अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. कंपनीच्या साहेबांनी 'हरकत नाही' म्हणून सही केली. विजयनं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी वाकली. बाहेर पडल्यावर लोक येऊन नमस्कार करत होते, एका मास्तरांनी तर खरं बोलल्याबद्दल माझा सत्कार करायची तारीख मागितली. मी त्यांना हात जोडले.

गर्दी पांगल्यावर मी कमलबाईंना गाठलं. म्हटलं, "मावशी, ही पाण्याची गोष्ट आधी कुणाला का नाही सांगितली?"

त्या म्हणाल्या, "सांगितली व्हती की. तुमच्या त्या ताईला. पैल्यांदा आल्या तवाच सांगितलं, की सही करनारी बाई ह्येच पानी पिऊन गेली, लई गोड हाय म्हनली. त्या मंग म्हनल्या, मावशी, ह्ये तिला सांगू नगा. तिला लई लागंल."

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तीन महिने आपण भांडलो, फोनवर, रस्त्यात, तुझ्या स्वयंपाकघरात. मी तुला काय काय बोलले! हे एक वाक्य तू माझ्या तोंडावर टाकलं असतंस तर मी तिथंच गप्प झाले असते, भांडण तू पहिल्याच दिवशी जिंकली असतीस, आणि मग मी आयुष्यभर पाण्याचा पेला तोंडाला लावताना शरमेनं मेले असते. तू ते बोलली नाहीस. वाट बघत बसलीस की ही आपलं आपण येईल.

चूक कबूल केल्याबद्दल लोक माझं कौतुक करतायत, सुजाता. आणि तू जे गप्प राहिलीस ते फक्त मला आणि कमलबाईंना माहीत आहे. मला तुला धन्यवाद म्हणायचंय, आणि तू 'चल गं, लई शहाणी' म्हणून ते उडवून लावायला हवंस.